अकरा किलोमीटरचा मोकळा उतार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही — आणि तिच्यापासून मी बाहेर खाल्लेली सेवउसळही लपवू शकत नाही, तास-दोन तासांत पकडला जातो. मग ही गोष्ट तीस वर्षं कशी लपली? लपवली म्हणून लपली. दुसरं काय?

तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय, असं म्हणणार होतो. ते खरं नाही. उद्या सकाळी एक कागद कारेलीबागेत पोचवायचा आहे, आणि त्याआधी सगळं एकदा सलग म्हणून बघायचं आहे. जीभ अडखळेल. अडखळू दे.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. बसून नकाशे काढायचे. आजोबा संस्थानाच्या मोजणी खात्यातले, त्यामुळे आमच्या घरात एक शिस्त होती — जिथे आपण पाय ठेवला नाही ती जागा कागदावर आणायची नाही. बडोद्यातल्या आमच्या सायकलवाल्या टोळीतही ही शिस्त मीच नेली. आम्ही सात-आठ जण होतो. करजणच्या बाजूच्या हायवेवर ट्रकवाल्यांनी जीव नको करून सोडला, म्हणून दर हिवाळ्यात आम्ही डांगच्या डोंगरातून निघून तिथल गावच्या समुद्रापर्यंत जायचो, आणि तेही आडवाटांनी. दोन तासांत एक एसटी आणि चार बकऱ्या भेटतील असेच रस्ते. वर सागाची झाडं, बांबू; मग हळूहळू ताडाची झाडं सुरू व्हायची, वारा खारट व्हायचा आणि शेवटी ती काळी वाळू. काय सुख होतं ते!

रस्ते शोधायचं काम माझं. महिनाभर आधी मी एकटा जाऊन सगळी वाट सायकलने करायची. पुढच्या चाकाला मीटर होता. त्यावर बघून प्रत्येक वळण, चढ, चहाची टपरी अंतरासकट लिहायची. जो तुकडा स्वतः चालवला त्याच्यापुढे बरोबरची खूण. या चिठ्ठीच्या झेरॉक्स सगळ्यांना वाटायच्या, ज्याने त्याने ती कपड्यांच्या चिमट्याने हँडलला लावायची. सहल संपली की सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे परत — त्यावरून मी जशीच्या तशी पक्की प्रत करायचो आणि कच्च्या फाडून टाकायचो. हा रिवाज लक्षात ठेवा. माझ्या फार कामाला आला तो.

आता पहिली गोष्ट. मला उताराची भीती वाटते. झालं, बोललो! तरुणपणी पावागढच्या उतारावर ब्रेकची तार तुटली होती, तेव्हापासून उतार दिसला की मी सायकलवरून उतरतो. टोळीत कुणाला पत्ता नव्हता. मी सगळ्यांच्या मागे राहायचो — कुणी मागे पडलं तर सोबत हवी ना! — आणि सगळे पुढे दिसेनासे झाले की सायकल हातात धरून पायी उतरायचो. लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

त्या वर्षीची वाट नवी होती. घाटमाथ्यावरच्या दगडावर खालचं गाव अकरा किलोमीटर लिहिलेलं. मी तिथे तासभर उभा राहिलो. पायी उतरलो असतो तर शेवटची बस चुकली असती, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं... नाही. कारणं द्यायची नाहीत. सवारीची जीप आली, सायकल टपावर टाकली आणि मी मागे बसलो. मीटर टपावर निजलेला. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी एक आंधळं वळण आलं, मग दाणकन माझं डोकं वर आपटलं. मागे वळून पाहिलं तर ओढ्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आणि पावसाने तिची कड खाल्लेली. वीतभर पायरी झाली होती रस्त्यात.

म्हणजे मला माहीत होतं. समजलं का तुम्हाला? मी बघितली होती.

पण लिहायची तर कितव्या किलोमीटरला लिहू? अंतर नाही लिहिलं तर कुणीतरी विचारणार, आणि मग जीप बाहेर येणार. म्हणून मी लिहिलं — 'अकरा कि.मी. मोकळा उतार. ब्रेकला हात लावायची गरज नाही.' पुढे बरोबरची खूण. दुसरं वाक्य कशाला लिहिलं? कुणी सांगितलं होतं? भित्र्या माणसाची बढाई ती!

वासंतीताई कारेलीबागेत गणिताच्या ट्यूशन घ्यायच्या. टोळीत सगळ्यांत वेगवान त्याच. मला 'नकाशावाले' म्हणायच्या. "काय नकाशावाले, यंदा कुठल्या बकऱ्यांशी ओळख करून देताय?" त्यांच्या यजमानांना हे सायकलप्रकरण मुळीच पसंत नव्हतं; वर्षातले ते चार दिवस त्या भांडून मिळवायच्या. त्या सकाळी घाटमाथ्यावर त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, "ब्रेकला हात लावायची गरज नाही!" आणि हसत सुटल्या.

मी पायी उतरत तासाभराने पोचलो तेव्हाही गाडी मिळालेली नव्हती, त्या वळणापलीकडे रस्त्यावरच पडल्या होत्या. उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला. सगळे त्यांच्याभोवती, कुणी पाणी शिंपडतंय, कुणी गाडी बघायला पळालंय. सायकल एका बाजूला पडलेली. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

मी आधी सायकलकडे गेलो.

हे मला पुन्हा म्हणू दे. एक बाई विव्हळत होती आणि मी आधी तिच्या सायकलकडे गेलो, हँडलचा लाल चिमटा उघडला, चिठ्ठी काढली, दोन्ही खिशात घातलं. मग वासंतीताईंकडे वळलो, आणि वळता वळता माझ्या सायकलचा मीटर बघितला, घाटमाथ्यावर शून्यावर आणलेला. सहा किलोमीटर चारशे. अंतर मिळालं होतं.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे बाकीच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. टोळीतले जयंतीभाई चिठ्ठी देताना जरा घुटमळले, फरशीचं काही वाचल्याचं आठवत नाही म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "लख्यूं हशे भाई, तमे तो भूलो ज नहीं." लिहिलंच असणार, तुम्ही विसरणारे नव्हेत. घरी येऊन मी पक्की प्रत केली. ब्रेकचं वाक्य तसंच ठेवून त्याखाली एक ओळ वाढवली. 'सहा कि.मी. चारशेवर आंधळं वळण, पुढे फरशी, कड तुटलेली. उतरून जावे.' अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. लाज वाटते सांगायला.

दोन महिन्यांनी भेटायला गेलो. हाताचं ऑपरेशन होऊनही कोपर सरळ होत नव्हतं. त्या म्हणाल्या, "नकाशावाले, राग मानू नका, पण तुम्ही फरशी लिहिली होती का हो? मला काही आठवेना." मी पक्की प्रत नेलीच होती. ती पुढे केली. त्यांनी दोनदा वाचली.

"अगं बाई, लिहिलंय की! आणि मी मेली तुमच्यावर संशय घेत होते. माफ करा हं."

यजमान म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? हिला कसलाच धीर नाही." त्याच आठवड्यात त्यांनी सायकल भंगारात दिली. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू दे हो वासंतीताई, होतं असं कधीकधी."

मी त्यांना माफ केलं!

त्यानंतर त्यांनी खुर्चीत बसून, खाली टेकवलेल्या फळ्यावर शिकवलं, कारण हात वर फळ्यापर्यंत पोचत नव्हता. ट्यूशनला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी त्या तो वाकडा हात दाखवायच्या. म्हणायच्या, "प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा. मी वाचला नव्हता, हे बघा." माझी स्वतःची मुलगी त्यांच्याकडे शिकली. घरी येऊन तिने मला कोपर वाकवून दाखवलं होतं.

परवा फोन आला. आवाज अजून तसाच खणखणीत. "नकाशावाले, माझी नात सई मैत्रिणींबरोबर आपल्या त्या वाटेने निघालीय. फोनमध्ये सगळे रस्ते दिसतात म्हणे. मी म्हटलं, दिसू देत. आधी नकाशावाल्यांचा कागद आणायचा, मगच निघायचं. न चालवलेला रस्ता ते कधी लिहीत नाहीत. आणि यावेळी मी स्वतः चष्मा लावून एकेक ओळ वाचणार आहे." आणि हसल्या. तसंच, घाटमाथ्यावर हसल्या होत्या तसंच.

आज दिवसभर बसून कागद केलाय. आता अक्षर थरथरतं. चढ, वळणं, टपऱ्या, जे मला ठाऊक ते सगळं लिहिलं. टपऱ्या आता तिथे असतील की नाही देव जाणे. त्या उतारापाशी लिहिलं आहे — 'हा उतार मी कधीच चालवलेला नाही. जीपमधून गेलो होतो. फरशी पाहिली होती, तरी लिहिली नाही. वासंतीताई, तुमच्या चिठ्ठीत ती ओळ नव्हती. तुम्ही नीट वाचलं होतं.' पुढे बरोबरची खूण नाही.

खिशात घातलेली ती चिठ्ठी फाडायचीही मला हिंमत झाली नव्हती. नकाशांच्या पेटीत तळाला होती. ती या कागदाला जोडली आहे, त्याच लाल चिमट्याने.