लवंगेच्या तेलाची वाफ

वहिनींना तुम्ही किती ओळखत होता, असं कुणी विचारलं असतं, तर दिराला मान खाली घालावी लागली असती. भाऊ गेल्यावरही दोघं एकाच घरात राहत होती. वहिनी सकाळी डबा घेऊन इस्पितळाच्या लॅबमध्ये जायच्या, संध्याकाळी दमून परतायच्या. “जखमांतले जंतू वाढवते,” एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. त्यानंही पुढे विचारलं नव्हतं.

मग त्याच्या पायाचा अंगठा चिघळला आणि वहिनींचं काम घरात शिरलं.

कुठल्याच औषधाला अंगठा दाद देईना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पाऊल जाईल. वहिनींनी जखमेतला पू काडीवर घेतला, त्यातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवले. एक गोळी लागू पडतेय असा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तीच सुरू केली. अंगठा मात्र काळवंडतच गेला.

“वहिनी, तुमच्या ताटलीतले जंतू सज्जन दिसतात. माझे निर्लज्ज आहेत.”

“गोळ्या वेळेवर घेता ना?”

“जेवणापेक्षा गोळ्याच जास्त खातोय!”

वहिनींनी पातेलं ओट्यावर आपटलं. त्या लॅबमध्ये लवंगेचं तेलही तपासत होत्या. औषधांना न जुमानणारे जंतू त्यानं मरतात, हे त्यांच्याच तोंडून एकदा निसटलं होतं. तेव्हापासून दिरानं धोशा लावला होता.

“मग माझ्या अंगठ्यानं काय घोडं मारलंय? लावा की तेल!”

“ताटलीला कातडी नसते, भाऊजी. जंतू मरण्याआधी तुमचं मांस जळेल.”

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेल्यावर त्यानं दुकानातून तेल आणलं आणि पट्टी भिजवून अंगठ्याला बांधली. थोड्याच वेळात डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्यानं पट्टी ओरबाडून काढली आणि आपल्या कपाटाच्या तळाशी कोंबली.

सकाळी धुतलेले कपडे ठेवायला वहिनींनी ते कपाट उघडलं आणि नाक मुरडलं. मग पट्टी सापडली. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून तो अंग चोरून बसला. पण वहिनी वरच्या खणातला एकेक सदरा काढून हुंगत राहिल्या.

“या सदऱ्यांना तेल कुणी लावलं?”

“कुणी लावेल? बंद कपाट, वास चढणारच.”

वहिनी सदरा हातात धरून पलंगाच्या कडेला बसल्या.

“तुमची ताटली आणि माझ्या तेलाच्या ताटल्या मी लॅबमध्ये जंतू वाढवायच्या एकाच उबदार पेटीत ठेवल्या होत्या. वाफेनं तुमचे जंतू आधीच अर्धमेले झाले होते. म्हणून गोळी लागू पडल्यासारखी दिसली.”

“म्हणजे तेल मारतं!”

“ताटलीत मारतं!” वहिनी पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडल्या. “अंगठ्याचं काय झालंय ते बघा!”

वेगळ्या पेटीत पुन्हा तपासलं, तेव्हा ती गोळी पाण्यासारखी निरुपयोगी निघाली. इंजेक्शनं सुरू झाली, पण फुकट गेलेले दिवस परत येणार नव्हते. अंगठा कापावा लागला. पाऊल वाचलं.

दिरानं दोष दिला नाही. वहिनींनी माफी मागितली नाही. मात्र त्या पेटीतून असे किती जणांचे चुकीचे रिपोर्ट गेले असतील, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. सुट्टीच्या दिवशीही त्या जुने रिपोर्ट पुन्हा तपासायला लॅबमध्ये जाऊ लागल्या. लॅबचे साहेब म्हणायचे, “झालं गेलं सोडा.” घरी येऊन त्या भिंतीला सांगावं तसं म्हणायच्या, “सोडा म्हणे! त्यांचा अंगठा नाही ना गेला.” दिराला वाटायचं, जवळ जाऊन काहीतरी बोलावं. शब्द सापडेपर्यंत वहिनी उठून गेलेल्या असायच्या.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये काम करता करता त्या कोसळल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. त्या सकाळी दारात चपला घालताना त्या म्हणाल्या होत्या,

“भाऊजी, त्या सदऱ्याला अजून वास येतोय. उन्हात टाका.”

“टाकतो. चष्मा घेतलात का?”

“घेतला.”