पुलापलीकडची पिशवी

माझी ताई बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स, पण तिचं खरं काम बाळ जन्मल्यावर सुरू व्हायचं. बाळ रडलं, नाळ कापली, की सगळ्यांच्या नजरा बाळाकडे आणि ताईची उरलेल्या नाळेकडे. एरवी ती नाळ वारेसकट बादलीत गेली असती. ताई ती स्वच्छ पुसायची, तिच्या शिरेत सुई घालायची आणि पिशवी खाली धरून मनगटाने हळूहळू झुलवत राहायची. आईला जाणवायचं नाही, बाळाला दुखायचं नाही. नाळेतलं ते रक्त रक्तपेढीत अतिथंडीत जपून ठेवत आणि ज्याच्या अंगात नवं रक्त बनायचं थांबलंय अशा कुठल्यातरी परक्या माणसाला देत. ज्याला जुळेल त्याचं.

ताईला या कामाचा गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो मिरवायलाही आवडायचा. पेढीचा नियम असा, की पिशवी वजनाला कमी भरली की ती बाद. इतर नर्सांच्या अर्ध्याअधिक पिशव्या बाद व्हायच्या, ताईची एखादीच. त्याबद्दल पेढीने तिला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते तिने आमच्या स्वयंपाकघरात लावलं, आणि कुणी चहाला आलं की मुद्दाम विचारायची, "किती वाजले बघा बरं?"

या यशात एक गोम होती. ताई माणूस बघून विचारायची. कळा सुरू होण्याआधी आईची परवानगी घ्यावी लागते, आणि कुणाला विचारायचं ते ताईच्या हातात. चांगली अंगापिंडाने भरलेली बाई दिसली की ताई खुर्ची ओढून बसलीच. पुलापलीकडची दिसली की ताई पुढच्या खाटेकडे. पुलापलीकडचे म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्यासाठी दोन पिढ्यांपूर्वी दूरच्या मुलखातून आणलेले लोक. भाषा आता आपलीच, पण रंगरूप वेगळं.

"अगं, त्यांची बाळं मूठभर, नाळा सुतळीएवढ्या. पिशवी भरतच नाही," ताई म्हणायची. "आणि समजावत बसायचं कुणी?"

हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. सुरुवातीला एकदोघींच्या पिशव्या कमी भरल्या, तेवढ्यावरून हिने अख्खी वस्ती तोलून टाकली. पेढीतल्या साहेबांना बाद झालेल्या पिशव्या तेवढ्या दिसत. न घेतलेल्या कुणाला दिसणार?

मग तिच्या लेकीने पुलापलीकडच्याच मुलाशी लग्न केलं आणि त्याच्या नोकरीच्या गावी गेली. ताईने तोंड फुगवलं. पण जावई गुणी निघाला, त्यात गुंडी झाली, आणि आजीचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. गुंडी म्हणजे ताईची नात. सदऱ्याच्या गुंडीएवढं नाक घेऊन आली म्हणून मी ठेवलेलं नाव. रंग बापाचा, जिवणी ताईची आणि हट्ट आमच्या सगळ्या घराण्याचा. लेक तिला घेऊन माहेरी आली की ताई आमच्यापैकी कुणाला ओळख दाखवायची नाही.

गुंडी तुरुतुरु पळायला लागली आणि तिच्या अंगावर निळे डाग दिसू लागले. हाडांच्या आतला मगज रक्त करेनासा झाला होता. दुसऱ्याच्या पेशी घातल्याशिवाय पोर वाचायची नाही, असं निदान झालं. ताई चक्क हसली. "एवढंच ना? पेढी घरचीच आहे."

पेढीत शोधलं, मग परदेशातल्या पेढ्यांतही शोधलं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. ताई, लेक आणि जावई बसले. जावयाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि मी भिंतीला टेकून उभ्या.

"मुलीचं अर्धं आईकडून आलंय, अर्धं वडिलांकडून," डॉक्टर म्हणाले. "आईच्या बाजूशी जुळणारं भरपूर सापडतं. वडिलांच्या बाजूचं काहीच नाही. नाळेचं रक्त थोडं कमी जुळलं तरी चालतं, म्हणून मला आशा होती. पण त्या लोकांच्या पिशव्याच पेढीत नाहीत."

"असं कसं?" जावई म्हणाला. "आमच्या वस्तीतली सगळी बाळंतपणं याच हॉस्पिटलात होतात."

"तुमच्याकडचे लोक द्यायला तयार होत नसतील. गैरसमज असतात मनात."

मी ताईकडे बघितलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात विहीणबाईंनी तिला थांबवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या धाकट्या लेकीच्या वेळी मी तुमच्याच वॉर्डात होते, विहीणबाई. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुम्ही हे सगळं समजावत होतात. मी ऐकत होते. मग मीच म्हटलं, माझंही घ्या की. तुम्ही म्हणालात, तुमचं नको, उगाच वाया जातं. आठवतं?"

ताईला आठवत नव्हतं. मला तेच जास्त झोंबलं. जे इतक्या जणींना ऐकवलं, त्यातली एक कशी आठवावी?

"माझ्या एकटीच्या देण्याने काय झालं असतं, देव जाणे," विहीणबाई म्हणाल्या. "पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आत ते म्हणतात, आमचेच लोक देत नाहीत. तेवढं तरी खोडून काढायचं होतंत तुम्ही."

शेवटी बापाच्याच पेशी घातल्या. त्या अर्ध्याच जुळणाऱ्या. तशानेही मुलं वाचतात असं डॉक्टर म्हणाले होते, ते काही खोटं नव्हतं. पण गुंडीच्या अंगात त्या रुजल्या नाहीत. आपले केस गेले म्हणून ती काचेपलीकडे बसून बाहुलीला टोपी घालायची. मग तेही होईना. मग ती गेली.

मला ताईचा राग आला. आजही येतो. सख्खी बहीण आहे, तिच्या पोटात किती तुटलं ते मी पाहिलंय, तरी येतो.

ती कामावर परत गेली आणि लवकरच पुलापलीकडची एक पहिलटकरीण वॉर्डात आली. ताईने खुर्ची ओढली आणि तिला सगळं समजावलं. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात, त्याच घड्याळाखाली बसून तिने मला सांगितलं.

"ती म्हणाली, एवढंच? मग घ्या की. विचारायला एवढा वेळ कशाला लावलात?"

"आणि बाळ?"

"मूठभर." ताईने डोळे पुसले. "पण पिशवी भरली गं. गच्च भरली. मला वाटलं वजनकाटा बिघडलाय, म्हणून मी परत ठेवून पाहिली."

अशा वेळी बहिणीला जवळ घेतात. मला नाही घेता आलं. मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस का, की ते लोक देतात, तूच घेत नव्हतीस म्हणून?"

ताई झटकन उठली. दूध उतू जाईल म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून गॅसपाशी उभी राहिली. गॅसवर काही ठेवलेलंच नव्हतं.