पालकाचा ड्रम

ओतूरला आमच्या घरामागे लगेच ऊस सुरू होतो. उसात बिबटे असतात, त्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. मागच्या ओट्यावर मी आडव्या कापलेल्या निळ्या ड्रमात पालक लावला होता. माती फार चिकट होती, म्हणून तिच्यात शेणखत आणि कुजलेला पाला मिसळला, बाजारातून मासळीची मुंडकी आणून तीही खोल पुरली.

तेव्हापासून रोज सकाळी माती उकरलेली दिसायची. मी ती सारखी करायची आणि शेजारच्या काकूंच्या बोक्याला शिव्या घालायची. एकदा ऐन थंडीत माझं टाळकंच सरकलं. कुंपणापाशी जाऊन ओरडले, "बोका आवरा तुमचा, सगळा पालक लोळवलाय त्यानं!"

काकू भांडल्या नाहीत. उसाकडे बघत हळूच म्हणाल्या, "बोका व्हय? त्यो दिवाळीपास्नं घरीच आला न्हाई."

मी ओट्यावर परतले. ड्रमभर पालक दबून चपटा झाला होता. ऊन अजून यायचं होतं, कुंड्यांची माती गारठलेली होती. ड्रममध्ये हात घातला. तिथली माती कोमट होती.