गळ्यात वीणा आणि दारात पाहुणे

पाहुण्या डॉक्टरांची गाडी जालन्याहून निघाल्याचा फोन आला, तेव्हा शाळेत अंथरलेल्या सतरंज्यांवर एकही माणूस नव्हता. देवा, एवढं एक काम तडीस ने, असं मी वर्षभर रोज म्हणत होतो. त्या सकाळी मात्र मला पहिल्यांदाच वाटलं, की तिकडे कोणी ऐकतच नसावं.

जपानमधले काही डॉक्टर घनसावंगी तालुक्यातल्या खेड्यांत लहान मुलांच्या हृदयाची तपासणी आणि पुढचे उपचार करायला तयार होते. त्याआधी त्यांना गावकऱ्यांशी समोरासमोर बोलायचं होतं. लोकांनाच नको असेल तर आम्ही दुसरीकडे जाऊ, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. माझी भाची धाप लागता लागता गेली. तिच्या हृदयात दोष आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. ही मंडळी परत गेली असती तर मला ते सोसलं नसतं.

घोळ तारखेपासूनच होता. त्या दिवशी माणसं गावात असतील ना, असं मी सरपंचांना फोनवर विचारलं होतं. "समदं गाव हजर ऱ्हातंय, बिलकुल फिकीर करू नका," ते म्हणाले. गाव हजर होतंच, पण मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात. हरिनाम सप्ताह चालू होता! सकाळचं भजन संपून पंगतीची तयारी चालली होती. आता शाळेत कोण येणार?

निदान थोडी माणसं उठवून न्यावीत म्हणून मी मांडवात गेलो. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत आणि नामही थांबत नाही; एकाचा पहारा संपला की दुसरा वीणा गळ्यात घेतो. उभ्या असलेल्या वृद्ध विणेकऱ्यांना मी वाकून नमस्कार केला.

"जालन्याहून यणारे तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

सरपंचांनी सांगितलं असेल, असं समजून मी हो म्हणालो.

"लई वाट पाह्यली, माऊली." त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, माझ्या पाया पडले आणि लगबगीने निघूनही गेले.

आता काय करावं? तोंडात नाम, त्यामुळे बोलता येईना. ज्याला खुणावावं तो मलाच हात जोडून पुढे जाई. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी मांडवापाशी थांबली. इंग्रजी येणारा तिथे मी एकटा, आणि मी असा अडकलेला. देवाचा मला भयंकर राग आला. शेवटी मनात म्हटलं, घे बाबा, तुझं तू बघ.

परतूरहून पंगतीची भांडी घेऊन आलेला एक टेम्पोवाला भांडी उतरवत होता. तो पाहुण्यांकडे गेला आणि सरळ इंग्रजीत बोलू लागला. मग माझ्याजवळ आला. "साहेब, हे लेकरांच्या दिलाच्या तपासणीचं बोलून राह्यले. समद्यांला सांगू का? मी सौदीत दवाखान्याची गाडी चालवायचो." मी मान हलवली.

सरपंचांनी त्याच्या हाती माइक दिला. नातवाला कडेवर घेतलेल्या एका आजींनी विचारलं, "लेकराला सुया टोचतेत का?" त्याने ते पाहुण्यांतल्या डॉक्टरबाईंना सांगितलं. बाई खाली बसल्या, स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावला आणि नळ्या आजींच्या कानात दिल्या. "अगं बया, वाजून राह्यलंय की!" मांडव हसला. बायका आपापली लेकरं पुढे आणू लागल्या. मला रडू आलं, पण हात गुंतलेले, डोळे पुसता येईनात.

जालन्याचे खरे विणेकरी बस उशिरा निघाल्यामुळे उशिराने पोहोचले. त्यांच्या गळ्यात वीणा देऊन मी बाहेर धावलो. "आम्ही इथेच काम करणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. टेम्पो निघून गेला होता. त्या भल्या माणसाला मी पुढे परतुरात पुष्कळ शोधलं, पण तो भेटला नाही. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले, ते रोज देवापाशी मानतो.

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. एवढंच कळतं, की त्या दिवशी मी मोकळा असतो तर त्या भरल्या मांडवातली माणसं उठवून मी रिकाम्या शाळेत नेली असती.