सासूबाईंनी पाहिलं का?

ॲपमधल्या चुका शोधणं हे माझं काम, म्हणून टीममध्ये मला सासूबाई म्हणत. कंपनी पुण्यात, मी ब्रह्मपुरीत माझ्या खोलीत, आणि टीममधले बाकी सगळे पुरुष. कोणी काही नवं बनवलं की मीटिंगमध्ये हमखास विचारणार, "सासूबाईंनी पाहिलं का?" तीच चूक एखाद्या पुरुषाने काढली की त्याची नजर बारीक, मी काढली की खुसपट. मीही हसायचे. लॅपटॉप मिटला की मात्र खोलीत बोलायला कोणी नसायचं.

म्हणून चिमूरची एक मुलगी टीममध्ये आली तेव्हा मला केवढा आनंद झाला! तीही घरूनच काम करायची. पहिल्याच फोनवर म्हणाली, "ताई, तुमी इकडच्याच का जी?"

गावोगाव फिरून तापाचे रुग्ण नोंदवणाऱ्या बायकांसाठी आम्ही ॲप बनवत होतो. पुण्यातली मंडळी ते ऑफिसच्या वायफायवर तपासायची आणि खुशाल पास करायची. मी तिला म्हटलं, "जंगलाकडच्या जीपमध्ये बस. रेंज जाईल तिथे नोंद करून बघ."

ती गेली. परतल्यावर तिचा फोन आला, "ताई, 'जतन झालं' म्हणते अन् नोंदच गायब होऊन राह्यली!"

"मीटिंगमध्ये तूच सांग," मी म्हटलं. आता आपण दोघी आहोत, या विचाराने मी त्या दिवशी पोटभर जेवले.

मीटिंगमध्ये तिला विचारलं गेलं, "तुझ्याकडून ओके?"

"ओके," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. मग नोंद गायब होते ते मीच सांगितलं. "आल्या सासूबाई!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली.

नंतर तिचा फोन आला. "राग नका मानू, ताई. तुमचं बरोबरच आहे. पण मले आत्तापासून सासूबाई नाई व्हायचं."

राग आलाच होता. पण तिला काय बोलणार? जे समजायला मला इतकी वर्षं लागली, ते तिने आल्या आल्या ओळखलं होतं.

ॲप दुरुस्त झालं. या खेपेला जीपमध्ये मीच बसले. रेंज गेल्यावर नोंद केली. "अजून पाठवलेलं नाही," असं स्क्रीनवर खरं खरं उमटलं. मला इतकं बरं वाटलं की आधी तिलाच सांगावंसं वाटलं, पण तिथून फोन लागणार नव्हता.

परतताना रेंज आली, नोंद आपोआप पाठवली गेली. मी तिचा नंबर काढला. आता लागला असता. फोन पर्समध्ये ठेवला आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत बाहेर बघत बसले.