फिल्ममधला पाय

कुणी विचारलं, तुम्ही कधी खेळाडू होता का, तर मी सरळ नाही म्हणतो. उगाच कशाला तोंड कडू करायचं! पण साठच्या दशकात, दुबईजवळच्या जबल अलीला बंदर सोडाच, धड झाडही नव्हतं तेव्हा, तिथल्या तेलवाल्यांच्या कॅम्पात मी अमेरिकनांच्या संघाचा किकर होतो. नोकरी मेसमध्ये वाढप्याची.

त्यांचा फुटबॉल आपला नव्हे. बॉल दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुतेक वेळ हातातच. मधूनच एकजण तो वाळूत उभा धरतो आणि दुसऱ्याने तो लाथेने दोन खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून घालवायचा. एवढ्याशा कामाला वेगळा माणूस, आणि अमेरिकेत म्हणे त्याला पगार! साहेब लोक नाकासमोर धावत येऊन बुटाच्या टोकाने मारायचे, बॉल भलतीकडे जायचा. एका जुम्म्याला मी चहाचा ट्रे खाली ठेवला, चपला काढल्या, बाजूने तिरका धावत आलो आणि गावी कापणीनंतरच्या शेतात मारायचो तशी पावलाच्या पाठीने मारली. बॉल खांबांच्या मागच्या टेकाडावर. साहेब लोक ‘यल्ला, अगेन!’, चल, पुन्हा मार, म्हणून ओरडत राहिले.

बड्या साहेबांचा एक जुना मित्र तिकडच्या व्यावसायिक संघाचा कोच होता. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी फिल्म काढून त्याला पाठवतो. आवडली तर तू ट्रायलला अमेरिकेला जायचंस. माझा शब्द." त्या दिवसापासून मी ताटं वाढत होतो ती नुसत्या हातांनी, मन अमेरिकेत. मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

फिल्मच्या दिवशी साहेबांनी हाफ पँट दिली. आमचे मामू कॅम्पातच खानसामा होते, ते कडाडले, "गोऱ्यांपुढे गुडघे उघडे टाकणार? आधी सतर झाक!" सतर म्हणजे बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं अंग, ते पुरुषानेही झाकायचं असतं. आमच्या मोहल्ल्यात आम्ही फुटबॉलसुद्धा लेंगे घालून खेळलो. मी लांब पँट मागितली. साहेबांनी हसत दिली. वर बोटं झाकणाऱ्या लांब बाह्यांची जर्सी, पायात मोजे-बूट, डोक्यावर तोंडापुढे गज असलेलं हेल्मेट. मामूंचं समाधान झालं. त्या दिवशी माझी एक लाथ चुकली नाही.

साहेबांचा भाचा कॅम्पात शिकाऊ इंजिनियर होता. तिरकी लाथ शिकायला तो माझ्याकडे यायचा आणि मीही हौसेने शिकवायचो. त्याची कधीतरी लागायची.

काही महिन्यांनी, मगरीबच्या नमाजानंतर, मेसच्या भिंतीवर चादर टांगली. साहेब म्हणाले, "कोचने बोलावलंय! आपला माणूस चालला!" माझ्या हातात किटली होती, ती मी टेबलावर ठेवली. साहेबांनी भाच्याला पुढे ओढलं. मग फिल्म लागली. चादरीवर मी धावत आलो, मी मारली आणि टाळ्या त्याला! तोंड गजांआड, हात बाह्यांत, पाय पँटीत. बोटभर कातडी दिसेल तर शपथ.

"साहेब, हा मी आहे!" मी मोठ्याने म्हणालो.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तुझा व्हिसा, किती भानगडी! आणि तुला तिथे घेणार कोण? याला तूच शिकवलंस ना? खूश हो." खलास. किचनमध्ये मामू म्हणाले, "जाऊ दे रे, नशीब एकेकाचं." मी म्हटलं, "नशीब कसलं, चोरी म्हणा!"

अमेरिकेला निघायच्या दिवशी सकाळी भाचा किचनच्या मागच्या दाराशी आला. सॉरी नाही, काही नाही. काखेत बॉल. म्हणाला, "धावत येताना तू नजर कुठे ठेवतोस? मला अजून जमत नाही." वाटलं, कढईतलं तेल ओतावं याच्या अंगावर. मेल्याला लाज कशी वाटत नाही!

मी सुरी ठेवली, हात पुसले आणि बाहेर गेलो. त्याने बॉल वाळूत उभा धरला. मी त्याला सगळं नीट दाखवलं, कारण कॅम्पातला एकुलता एक बॉल त्याच्याकडे होता आणि मला अजून एकदा मारायची होती.