न वाजणारा जुडगा

किल्लीवाल्याचा दिवस एका विचित्र खेळाने सुरू व्हायचा. शटर अर्धंच वर करायचं, चाळीस किल्ल्यांचा जुडगा मधल्या बोटाला अडकवून हात सरळ पुढे धरायचा आणि मनात शंभर मोजायचे. जुडगा वाजला नाही की मगच शटर पूर्ण वर. वेड म्हणा हवं तर! पण त्याच्या वडिलांचे हात पंचेचाळिसाव्या वर्षी आपोआप नाचायला लागले होते. लोक म्हणाले, बाटली लागली. अहो, त्या माणसाने जन्मात थेंब चाखला नव्हता! पुढे बोलणं गेलं, गिळणं गेलं, माणूसही गेला.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "तुमच्या वडिलांच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली गेलीत. ती तुमच्यात आली असतील किंवा नसतील, शक्यता निम्मी-निम्मी. रक्त तपासलं की कळेल." तो खुर्चीवरून जो उठला, तो परत तिकडे फिरकला नाही.

यंदा त्याला पंचेचाळिसावं लागलं. आणि एका सकाळी एक गिऱ्हाईक काउंटरवर दोन किल्ल्या आपटून म्हणालं, "तुम्ही केलेली फिरतच नाही हो!"

पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्या मनात आलं, हात चुकला. सुरू झालं.

तेवढ्यात त्याची मुलगी आली. तिला चौथा महिना होता. कानस चालवायला ती याच काउंटरवर शिकलेली. तिने दोन्ही किल्ल्या उजेडात एकमेकींना चिकटवून धरल्या.

"बाबा, तुमचा हात नाही चुकला. यांनी नमुन्याला आणलेली किल्लीच मुळात कुणीतरी केलेली नक्कल आहे. हा दात तिच्यातच जास्त घासलाय. तुम्ही तो जसाच्या तसा उतरवलात."

मूळ किल्ली आणायला सांगून त्याने गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. जिवात जीव आला. पण तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना. तो पाणी प्यायला आत गेला आणि परत येऊन बघतो, तर मुलगी हात पुढे करून उभी. बोटाला जुडगा. ओठ मोजताहेत.

"हे कधीपासून गं?" त्याने विचारलं.

"सातवीत होते तेव्हापासून. शाळेत जाताना शटरखालून दिसायचात तुम्ही. घरी मी चमचे धरते." तिने जुडगा त्याच्या हातात दिला. "बाबा, तुमच्यात ते नसेल तर माझ्यात नाही, बाळातही नाही. मला खूप भीती वाटते हो."

त्याने भर सकाळी शटर खाली ओढलं.

"कुठे निघालात?"

"रक्त द्यायला."

कुलूप लावताना जुडगा खणखणला. दोघांनीही ऐकला.

"घाबरलोय ना, म्हणून," तो म्हणाला.

तिने त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला. तरी जुडगा वाजतच राहिला, आणि थरथरतोय कुणाचा हात, ते दोघांनाही कळेना.